फीत न कापलेला दवाखाना

मित्रांनो, माझ्यावर अंग टाकायला कुणाला आवडत नसे. त्यात त्यांची चूक नव्हती. मी एक जुनी बाज आहे, पण झोपण्यासाठी माझा उपयोग फारसा झालाच नाही. माण तालुक्यातल्या पिंपळझरी गावात कुणी फार आजारी पडले, की माझ्यावर त्याला निजवत, चौघे मला खांद्यावर घेत आणि माळ तुडवत सडकेपर्यंत नेत. तिथे फलटणकडे जाणारी एखादी मोटार थांबली, तर नशीब.

नाथाजी सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले आणि अंबूबाईने घायपाताच्या दोरीने विणले. तिला मी लेकीच्या बाळंतपणासाठी हवी होते. तिची लेक रंगुबाई पहिलटकरीण होती. बाळंतपण अडले, म्हणून तिला माझ्यावर घेऊन माणसे निघाली. माळाच्या मध्यावर अंबूबाईने तिच्या कपाळाला हात लावला आणि ती मटकन खाली बसली. माणसांनी मला तिथेच टेकवले. मग सगळे मागे फिरले.

तेव्हापासून अंबूबाईने मला घरात ठेवले नाही. पडवीला उभी करून ठेवली. ज्याला गरज पडेल त्याने न्यावे, असे तिने गावाला सांगून टाकले.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे दावणीला मेली. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली. साहेब पाहणीला आले, तेव्हा अंबूबाई पुढे झाली.

"आवं सायेब, दगडं फोडतोच हाय, तर त्यातनं दवाखाना बांधा की! खडीचं ढीग बघून कुणाचं दुखणं बरं हुतंय व्हय?"

साहेब हसले, पण सरपंच लालासाहेब हसले नाहीत. त्यांनी सडकेलगतची स्वतःची जमीन दवाखान्याला देऊन टाकली. साताऱ्याला खेटे घातले. आजूबाजूच्या सगळ्या गावांसाठी दवाखाना मंजूर झाला आणि काम सुरू झाले.

मित्रांनो, ते दिवस मला फार आवडले. कामावर कुणाला लागले तर हाताशी असावी, म्हणून मला तिथेच नेऊन ठेवले होते आणि बायका दुपारी माझ्यावर बसून भाकरी खात. एवढ्या वर्षांत माझ्यावर कुणी हसत बसल्याचे मी पहिल्यांदा पाहिले. भिंती वर चढल्या, स्लॅब पडला, शहाबादी फरशी आली. रंगही लागला. एक दिवस ट्रक येऊन मोठमोठी खोकी आत ठेवून गेला. मग दाराला भलेमोठे कुलूप लागले, किल्ली ठेकेदाराचा माणूस साताऱ्याला घेऊन गेला आणि मी पुन्हा अंबूबाईच्या पडवीत आले.

"सामान आलं गड्या! आता मंत्री यायचं, फीत कापायची, की दवाखाना चालू!" लालासाहेब भेटेल त्याला सांगत सुटले.

डॉक्टरही आले. महावीर त्यांचे नाव. सांगलीच्या विश्रामबागेतला तरुण माणूस. फीत कापेपर्यंत त्यांना शाळेची एक खोली राहायला दिली होती.

आणि समारंभ तोंडावर आला असताना, भर दुपारी, आकाराम मेंढका धावत अंबूबाईच्या दारात आला. "काकू, बाज द्या! आमची हरणा अडलीया. रगात थांबंना!"

हरणाबाई त्याची भावजय. नवरा मुंबईला गिरणीत. तिला माझ्यावर निजवले आणि माणसे धावत सुटली. या वेळी सडकेवर मोटारीची वाट बघायची नव्हती. नवा दवाखाना समोर दिसत होता. निरोप मिळताच डॉक्टर महावीर आपली पेटी घेऊन तिथे आधीच पोचले होते. मला वाटले, ही बाई नक्की वाचणार.

पण दाराला कुलूप होते. लालासाहेब पायरीवर उभे होते, घामाने भिजलेले.

"पाहुण्यांच्या आधी दार मोडलं तर गावाचं नाक जाईल," ते म्हणाले. "हितंच व्हरांड्यात बघा की, डॉक्टर."

"आत टेबल असेल, औषधं असतील," डॉक्टर म्हणाले. "मला आत जायलाच हवं."

"नाकाचं काय घिऊन बसलाय, लालासाहेब?" अंबूबाई ओरडली. "हितं माणूस चाललंय!"

माझ्या दोऱ्यांतून रक्त गळत होते. नव्या फरशीवर त्याचा ओघळ झाला आणि तो लालासाहेबांच्या वहाणेपर्यंत आला. त्यांनी खाली पाहिले. मग ते बाजूला गेले, पडलेली पहार उचलून आणली आणि कुलपावर घाव घातला. दुसरा घातला. कुलूप तुटले.

दार उघडले आणि सगळे जागच्या जागी थिजले.

आत काहीच नव्हते. खाट नव्हती. टेबल नव्हते. औषधाची एक बाटली नव्हती. डॉक्टरांनी नळ फिरवला, तो कोरडाच फुसफुसला. त्यांनी एक खोके फोडले. त्यात मांडवाचे रंगीत कापड होते. दुसऱ्यात पताका. तिसऱ्यात भाषणाचा कर्णा. भिंतीला घडीच्या खुर्च्या टेकवून ठेवल्या होत्या.

लालासाहेब खोक्यांकडे बघत राहिले. "म्या तर सगळ्या गावाला सांगितलं," एवढेच ते पुटपुटले.

मित्रांनो, मी पुष्कळ मरणे पाहिली होती, पण असा धक्का मला कधी बसला नव्हता. आम्ही ज्याच्याकडे जीव घेऊन धावलो, तो दवाखाना नव्हताच. त्या नुसत्या भिंती होत्या.

डॉक्टर सर्वांत आधी सावरले. "पाणी उकळा! घरातले धुतलेले कपडे आणा! बाज इथे, उजेडात ठेवा!" बायका धावल्या. मांडवाच्या कापडाचा आडोसा झाला. त्या दवाखान्यातली पहिली खाट मी झाले. डॉक्टरांनी पेटीतल्या तुटपुंज्या सामानावर झुंज दिली. अंबूबाई हरणाबाईचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि एकसारखे म्हणत होती, "जाऊ नगंस, बाई. तू जाऊ नगंस."

रक्त थांबले. हरणाबाई वाचली. तिने डोळे उघडले आणि विचारले, "रडलं का न्हाई अजून?"

डॉक्टरांनी तोंड फिरवले. तेव्हा तिला कळले.

समारंभाच्या दिवशी कमान उभारली नाही. अंबूबाईने मला उचलायला लावून दवाखान्याच्या दारात आडवे ठेवले. माझ्या दोऱ्या कुणी धुतल्या नव्हत्या. बायका माझ्याभोवती बसल्या. गाड्या आल्या, पाहुणे उतरले. सोबतचे साहेब लालासाहेबांवर खेकसले, "ही काय घाण? उचला आधी!"

लालासाहेबांनी हातातला हार पायरीवर ठेवला आणि ते बायकांच्या शेजारी खाली बसले. "न्हाई उचलायची. आधी खाटा आणा. औषधं आणा. मग कापा फीत."

मंत्री पुढे आले. त्यांनी काळ्या पडलेल्या दोऱ्या पाहिल्या आणि त्या कशाने माखल्या ते विचारले. अंबूबाईने सांगितले. माझ्या कडेने वाट काढून ते आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. कात्रीचे तबक पुढे झाले, ते त्यांनी हाताने मागे सारले आणि ते गाडीत जाऊन बसले.

लोखंडी खाटा आल्या, औषधे आली, नळाला पाणी आले. दवाखाना कुणीही फीत न कापता सुरू झाला. पुढे त्याच दवाखान्यात कितीतरी बाळे रडली.

मित्रांनो, तुमच्या गावातही नव्या इमारती होतील. भिंतीचा रंग बघून टाळ्या वाजवू नका. दार ढकला आणि आत काय आहे ते बघा. कुणी दरडावले तरी बघा. अडलेला माणूस दारात येईल, तेव्हा बघायला उशीर झालेला असेल.