छतातला डावा कौल

"व्हय म्हाराजा!" रावजीच्या देवघरात तीस माणसं एका सुरात ओरडली आणि पुजारी बाळाबुवांनी देवीला घातलेलं गाऱ्हाणं संपलं.

मस्कतला बारा वर्षं राबून आलेल्या रावजीनं २००३ साली खेडला बंगला बांधला आणि छताआडून थंड हवा नेणारे पत्र्याचे डक्ट फिरवून घरभर एसी केला. पण दिवाणखान्यात पाहुणे घामाघूम, विजेचं बिल मात्र हत्तीएवढं. गारवा मिळायचा तो फक्त देवघरात. "हा देवीचा श्वास!" बुवांनी निकाल देऊन टाकला होता.

आजचं गाऱ्हाणं रावजीच्या आईसाठी होतं. तुळसाबाईंचे दोन्ही मोतीबिंदू पिकले होते. समोरची सूनसुद्धा त्यांना चाचपून ओळखावी लागे. डॉक्टर म्हणत होते, आता थांबू नका. रावजीला आधी देवीचा कौल हवा होता.

बुवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पडली डावीच, तीही सलग तिसऱ्या मंगळवारी.

"आई नको म्हणते!" बुवांनी डोळे फिरवले. "मूळपुरुषाला कोंबडा द्या, मग बघू. डोळ्यात सुरी घालायची नाय!"

सून वेदिका, म्हणजे रावजीची बायको, हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिची नजर पाकळीवर नव्हती, उदबत्तीवर होती. धूर सरळ वर न जाता कुणी ढकलल्यासारखा देवीच्या डाव्या खांद्यावर लोळत होता. तिला आठवलं, एकदा लाइट गेल्यावर पाकळी पडेचना, तेव्हा "देवी निजली" म्हणून बुवांनी झोळीच आवरली होती.

"बुवा, एकदा मी लावू?" तिनं देवीचा चौरंग वीतभर सरकवला आणि पाकळ्या लावल्या. थोड्या वेळानं उजवी पडली.

"उजवा! उजवा कौल!" रावजीचे डोळे भरून आले. "चला, गाडी काढतो!"

गप्प बसली असती तर काम फत्ते होतं. वेदिकाला क्षणभर मोहही झाला. पण पुढच्या दुखण्याला पुन्हा चौरंगच सरकवायचा का?

"थांबा. हा कौलही खोटाच आहे," ती म्हणाली आणि स्टुलावर चढून तिनं छताची फळी उचलली. वर डक्टच्या सांध्यावरची पट्टी सुटून हातभर फट पडली होती. तिनं फटीत फडकं कोंबलं, तसा धूर सरळ झाला. नव्या पाकळ्या लावल्या, तर बराच वेळ एकही हलेना.

"देवी कोपली!" बुवा म्हणाले.

"कोपली नाही बुवा, फडकं लावलंय. फटीतली कोरडी हवा फळ्यांमधून खाली येऊन लागली की तिकडची पाकळी आधी सुकते आणि पडते. निम्मा गारवा असाच माळ्यावर जातो. मग दिवाणखाना थंड होत नाही, मशीन दिवसभर धावतं आणि बिल आपल्याला येतं. मजेत आहेत ते फक्त माळ्यावरचे उंदीर!"

लोक हसले. बुवा चपला शोधू लागले. रावजी मात्र मान खाली घालून उभा राहिला. आईला तीन मंगळवार आपणच अंधारात ठेवलं, हे त्याला फार लागलं.

तुळसाबाई म्हणाल्या, "रावजी, कौल ऱ्हाऊ दे. डाक्टर काय बोलला, ता सांग."

देवाला हात खुशाल जोडा. पण पाकळी का पडली ते आधी मान वर करून बघा, आणि डोळ्यांचं दुखणं डोळ्यांच्या डॉक्टरलाच विचारा.

महिन्याभरानं दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं उरकून तुळसाबाई घरी आल्या. देवीला नमस्कार करून त्यांनी वर छताकडे पाहिलं. तिथली एक फळी वेदिकानं मुद्दाम उघडी ठेवली होती; डक्टवरची नवी चंदेरी पट्टी त्यांना लख्ख दिसली.

"अगो सूनबाय," त्या म्हणाल्या, "ह्याच व्हय देवीचा नाक?"