पाठीतला परवाना

"मावशी, एवढी पाठ घट्ट करून द्या. चारला निघायचंय मला." भाऊंनी पुस्तक टेबलावर ठेवले. "आतला तुमचा परवाना मात्र हलवू नका हं. उद्या परदेशातल्या भाषणात तोच तर दाखवायचाय."

मावशीने हात पुसले. पिठाची खळ तिच्यासारखी कुणाला शिजवता येत नसे, म्हणून छापखान्यात तिचे नाव खळमावशी पडले होते. पुस्तक भाऊंनीच लिहिलेले, त्यांच्याच छापखान्यात छापलेले. ही त्याची पहिली प्रत, बारा वर्षांपूर्वी तिने स्वतः बांधलेली.

पुस्तकाचे म्हणणे सरळ होते. जमिनीवर चालायला माणसाने कुणाची परवानगी का घ्यावी? काम देणारा राजी, करणारा राजी, मग मध्ये तिसऱ्याने दंडुका घेऊन का उभे राहावे? मावशी तेव्हा तीन महिन्यांचा परवाना घेऊन सरहद्द ओलांडून आली होती. मुदत संपली त्या दिवशी भाऊ म्हणाले, "तो कागद आता चिंधी समजा. आमच्याकडं माणसांची नोंदवही नसते." तिला कोण आनंद झाला! शिवलेल्या पानांच्या घड्या सुटू नयेत म्हणून पुस्तकाच्या पाठीला आतून जाड कागदाची पट्टी चिकटवतात. तिने त्या दिवशी आपला परवानाच चिकटवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता नवा नियम निघाला होता. दहा वर्षांहून आधी आलेल्यांना कायमचा दाखला मिळणार होता. येण्याची तारीख असलेला कागद दाखवायचा, नाहीतर मालकाचे पत्र आणायचे. आज शेवटचा दिवस. दाखला मिळाला तर आईला भेटून परत येता येणार होते. एरवी गेले की गेले. फोनवरचा आईचा आवाज वर्षागणिक बारीक होत चालला होता.

"भाऊ, त्या पत्राचं काय झालं?"

"मावशी, किती वेळा सांगू? अमकी इथं इतकी वर्षं होती, असं सरकारला लिहून देणं म्हणजे विचारण्याचा त्यांचा हक्क मान्य करणं. रेघ कागदावर आहे. आपण मानली नाही तर ती नाहीच."

"खरंय तुमचं. पण माझी आई त्या रेघेच्या पलीकडे आहे."

"मुद्दा तत्त्वाचा आहे."

"कागद सरकार मागत नाहीये, भाऊ. मी मागतेय."

मशीन चालवणारे तात्या काम थांबवून म्हणाले, "द्या की हो लिहून. माझी सही चालली असती तर मीच केली असती. पण माझी सही बायकोसुद्धा ओळखत नाही."

भाऊ त्यांच्यावर उखडले. "तुम्हाला काय जातंय? बारा वर्षं बिनकागदाचं माणूस ठेवलं, असं मी आज लिहून द्यायचं? आणि संध्याकाळी विमानतळावर मलाच अडवलं म्हणजे?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले. "बॅग भरायचीय," असे पुटपुटत ते जिना चढून गेले.

तात्यांनी मशीन सुरू केले नाही. मावशीने पाठीचे कापड उकलले. आत परवाना होता, पिवळा, तिच्याच हाताने चापून बसवलेला. तिने ओले फडके त्यावर ठेवले आणि वाट पाहिली. खळीला घाई चालत नाही. मग हाडाच्या पट्टीने कडेकडेने सोडवत तिने कागद उचलला. नाव आले, गाव आले, तारीख आणि महिना आला. शिक्क्याच्या कोपऱ्याशी मात्र कागद फाटला. वर्षाचे चार आकडे घड्यांच्या पाठीलाच चिकटून राहिले. तिने पट्टीचे टोक लावून पाहिले. आकडे काढायचे तर खालची पाने फाटणार होती. बारा वर्षांत तिच्या हातून एकही पान फाटले नव्हते.

तिने त्यावर कोरी पट्टी चिकटवली, पाठ बसवली आणि पुस्तक शिकंज्यात आवळले.

चारला भाऊंनी पुस्तक उघडून पाठीच्या पोकळीत डोकावून पाहिले. "परवाना कुठाय?"

"माझा होता. घेतला."

"माझ्या पुस्तकातून? मला न विचारता?" भाऊंचा आवाज चढला. "अहो, निदान परवानगी तरी घ्यायची!"

तात्यांना हसू आवरले नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भाऊंनी पुस्तक बॅगेत कोंबले.

"पाठ घट्ट बसलीय," मावशी म्हणाली. "आता सुटायची नाही."

दाखल्याच्या कचेरीत खिडकीसमोरच्या रांगेत ती ओला कागद दोन्ही तळहातांवर उघडा धरून उभी राहिली. दुमडला असता तर शाई उतरली असती. नंबर आला तेव्हा खिडकी बंद व्हायला दहा मिनिटे होती.

"बाई, वर्ष कुठाय यात?" कारकुनाने विचारले.

"पुस्तकाला चिकटून राहिलं."

"मग घेऊन या पुस्तक."

"ते सरहद्दीपलीकडे चाललंय."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. माणूस वाईट नव्हता. "वर्षाशिवाय काय करू मी, सांगा तुम्हीच," म्हणत त्याने अर्जाची चार पाने आणि तो कागद परत सरकवला. पाने वेडीवाकडी झाली होती. मावशीने ती उभी धरून फळीवर दोनदा ठोकली, चारी कडा एका रेषेत आल्याची बोट फिरवून खात्री केली, आणि मग मागच्या माणसाला पुढे येऊ दिले.