डाव्या अंगावरचा ओघळ

सूनबाईनं श्वास रोखला आणि टर्पेंटाइनमध्ये ओलावलेला चपटा ब्रश पाणबुडीच्या डाव्या अंगावरून वरून खाली एकदाच ओढला. तांबूस ओघळ खऱ्या पाणबुडीच्या जुन्या फोटोतल्यासारखाच पातळ उतरला. दवाखान्यात दिवसभर लोकांचे दात कोरणाऱ्या बाईचा हात तो, चुकेल कशाला?

हातभर लांबीच्या या मॉडेलपायी जेवणाचं टेबल तीन महिने अडून होतं. नवऱ्याची कुरकुर तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली. रविवारी स्पर्धा होती आणि परीक्षक प्रत्येक डागाचं कारण लेखी मागत. पण तिला खरी धाकधूक सासऱ्यांची. त्याच खऱ्या पाणबुडीवर त्यांनी अकरा वर्षं काढली होती. टॉर्पेडो सोडायचे, असं सगळं घर अभिमानानं सांगे. त्यांनी एकदा ‘बरोबर’ म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

सासरे भिंग घेऊन आले. सावकाश बघत बघत ओघळापाशी थबकले.

“हे काय गं?”

“गंज, बाबा. फोटोत आहे तसाच.”

“गंज पाणी निघायच्या भोकापासून खाली उतरतो. इथे भोक कुठाय?”

तिचा चेहरा पडला. ही शंका तिलाही आली होती, पण फोटोवर विसंबून तिनं ती गिळली होती. तिनं फडकं उचललं.

“थांब, थांब! पुसू नकोस.” सासऱ्यांचे खांदे गदगदायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. “अगं, सूप आहे ते! टोमॅटोचं. बंदरात शिरताना अख्खं पातेलं करपलं. कप्तानाला कळायच्या आत वर नेऊन ओतलं, तर वारा उलटा! आणि धुवायच्या आधीच फोटोवाला हजर.”

“पण तुम्ही तर टॉर्पेडो...”

हसू थांबलं. बाहेर तिचा नवरा फोनवर बोलत होता. सासरे भिंग उगाच सदऱ्याला पुसत राहिले.

“टॉर्पेडोच्या खोलीत झोपायचो,” ते हळूच म्हणाले. “तुझा नवरा लहान होता. त्यानं विचारलं, मी तेवढंच सांगितलं. पुढचं त्यानं वाढवलं. मला आवडलं, मग राहू दिलं.”

तिला त्यांची एकदम माया आली.

“फॉर्मवर गंजच लिहिते, बाबा. कोणाला कळतंय?”

“वा! तीन महिने मरमर केलीस ती खोटं लिहायला?” त्यांनी खुर्ची ओढली, तिच्या हातात पेन दिलं आणि दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगितलं, “लिही, टोमॅटोचं सूप. साक्षीदार म्हणून माझं नाव घाल. हुद्दा, मुख्य स्वयंपाकी.”

बाहेरचं फोनवरचं बोलणं थांबलं.