उद्रेकी ताऱ्याचे खळगे

भेस्तानच्या लूम कारखान्यात तीस वर्षं कापड विणणाऱ्या भिकन पाटलांची मुलगी मोनाली एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका ताऱ्याचा अभ्यास करत होती. तो अधूनमधून एकाएकी भडकून उठे. उपग्रहाने मोजलेल्या त्याच्या तेजाचा आलेख तिने लॅपटॉपवर काढला, तर त्यात बारीक खळगे दिसले. उपकरणाचा दोष समजून ती ते काढून टाकणार होती.

रविवारी सकाळी चहा पिता पिता वडील मागे येऊन उभे राहिले. कापडातली चूक हेरायची त्यांच्या डोळ्यांना सवय होती.

"बेटा, हाई खड्डा बराबर तितलाच अंतरवर परत येस," ते म्हणाले.

मोनालीने मोजून पाहिलं. दर एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांनी खळगा येत होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या मार्गदर्शक श्वेता मॅडमनी आकडे तपासले. "हा दोष नाही गं. जोडीदार तारा समोरून जातो, म्हणून उजेड कमी होतो. बरं झालं काढला नाहीस."

अहवालात आभाराच्या पानावर मोनालीने वडिलांचं नाव सर्वांत आधी घातलं.

"मनं नाव कसाले? मी ते नुसतं देखं," भिकन संकोचून म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत म्हणून मला कळलं, आबा," असं म्हणत ती त्यांच्या पाया पडली.