दुसऱ्या स्टेशनातली सायकल

चौथ्या काळ्या सायकलीच्या कुलपात रिन्स्केने किल्ली घातली. ती अर्ध्यावर अडकली. ओढून काढताना बोटाची चामडी सोलली गेली.

"बाई," मागून आवाज आला, "दुसऱ्याच्या सायकलीला किल्ली लावायचीच असेल, तर निदान माझी पाठ फिरल्यावर तरी लावा."

सायकलतळाची राखणदारीण होती. ठेंगणी, पन्नाशीची, कानात मोठ्या रिंगा, हातात कॉफीचा कागदी पेला.

"माझ्या नवऱ्याची शोधतेय," रिन्स्के म्हणाली. "चिठ्ठ्या लावल्यात म्हणे. आज गाडी येऊन घेऊन जाणार."

"बारा वाजता. अठ्ठावीस दिवस जी जागची हलली नाही ती उचलायची, असा नियम आहे. नवरोजी कुठे गेलेत? परगावी?"

"वारला. सहा आठवडे झाले."

बाईने पेला एका सीटवर ठेवला. बाह्या वर सारल्या.

"खूण सांगा."

"काळी आहे."

"इथे दोन हजार काळ्या आहेत."

"जुनी आहे."

"स्टेशनावर नवी कोण ठेवतो? चोराचा मेहुणा?"

रिन्स्केला हसू आलं, आणि आलं म्हणून लगेच वाईटही वाटलं. "खरं सांगू? मी ती कधी पाहिलीच नाही."

दौवे सव्वीस वर्षं असाच कामाला गेला. चांगल्या सायकलीवरून वोल्वेगाच्या स्टेशनापर्यंत, तिथून आगगाडीने लेवार्डनला, आणि लेवार्डनहून कालव्यापलीकडच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यापर्यंत या दुसऱ्या सायकलीवर. चांगलीला तो दर शनिवारी अंगणात तेल घालायचा. दुसरीची आणि रिन्स्केची गाठच पडली नाही. सकाळी सातला फाटकातून वळणारी त्याची पाठ तिला ठाऊक होती, संध्याकाळी सहाला परत आलेला चेहरा ठाऊक होता. मधला माणूस तिच्या वाट्याला आला नव्हता. तो असेपर्यंत त्याची उणीव कधी भासली नाही. आता मात्र तोच हवासा वाटत होता. किल्लीला लटकवलेल्या पत्र्याच्या तुकड्याइतका का होईना, पण हवा होता.

"गाडीत कुठल्या डब्यात बसायचे?" बाईने विचारलं.

"शेवटच्या. तिथे शांत असतं म्हणायचा."

"मग पलीकडच्या जिन्याने उतरत असणार. माणूस जिन्याजवळची जागा धरतो आणि ती जन्मभर सोडत नाही. नवरा काय, जागा काय, सवयीचा मामला. चला."

पलीकडच्या जिन्याखाली, तिसऱ्या रांगेत, भिंतीला खेटून पिवळ्या चिठ्ठ्यांच्या सात सायकली होत्या. पाचवीला किल्ली लागली. कडी खट्कन मागे गेली, आणि रिन्स्केने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. रबरी मुठी झिजल्या होत्या. त्याच्या बोटांच्या जागी खळगे पडले होते. तिची बोटं त्यांत सैल बसली.

बाईने कात्रीने चिठ्ठी कापली. "घरी नेणार?"

"हो. आता मिळेल त्या आगगाडीने."

"नऊनंतर. कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत सायकल आत घेऊ देत नाहीत. आता कुठे पावणेआठ होतायत." तिने सीटखालची मूठ फिरवून सीट चार बोटं खाली घेतली आणि वर एक चापट मारली. "तोवर फिरवून आणा जरा. तिलाही बरं वाटेल."

रिन्स्केला रस्ता विचारावा लागला नाही. दौवे रात्री जेवताना तो सांगायचा: दूधडेअरीपासून डावीकडे, मग कालव्याच्या कडेने सरळ, विलोच्या झाडांच्या वळणानंतर पूल. तिने तो ऐकला होता, भाजी वाढता वाढता ऐकावा तसा. आता तो एकेक करून समोर येत होता आणि प्रत्येक वळण जागच्या जागी होतं. मागचं मडगार्ड ढिलं होतं. दगडी रस्त्यावर ते सारखं खडखडत राहिलं. समोरून वारा होता. एप्रिलचा, ओल्या गवताचा वास असलेला.

विलोंचं वळण घेतलं, तोच पुलावरच्या चौकीच्या उघड्या खिडकीतून हाक आली.

"आलास का रे बाबा! मला वाटलं, नोकरीबिकरी सोडलीस की काय! आणि आज मुक्यानं? गळा बसला?"

हाक मारणाऱ्याची पाठ तिच्याकडे होती. तो पुलाची बटणं पुसत होता. वळला, आणि फडकं हातातच राहिलं. म्हातारा, जाड पांढऱ्या भुवयांचा, निळी टोपी घातलेला माणूस.

"माफ करा हं, बाई. मडगार्डावरून वाटलं... ही त्या गाणाऱ्याची सायकल ना?"

"कुठल्या गाणाऱ्याची?"

"नाव नाही माहीत. अकरा वर्षं रोज जातो इथून. आठला मला पूल उचलायचा असतो. पण वळणावर त्याचं गाणं ऐकू आलं की मी अर्धं मिनिट थांबतो. खाली नाववाले शिव्या देतात, ते वेगळं."

रिन्स्केने पाय टेकला. "तो गात नाही," ती म्हणाली. "माझा नवरा. दौवे. तो कधीच गायला नाही." मग तिने वाक्य पुरं केलं. "गेला तो. मार्चात, बागेत काम करता करता."

म्हाताऱ्याने टोपी काढली. बाहेर येऊन तिच्याजवळ कठड्याशी उभा राहिला. "मी माइन्ते," तो म्हणाला. एवढंच.

खाली वाळूची नाव येऊन थांबली होती.

रिन्स्केला लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवला. चर्चमध्ये दौवे तिच्या शेजारी उभा राहून मनापासून स्तोत्र म्हणत होता आणि पुढच्या बाकावरच्या दोघी खांदे हलवून हसत होत्या. रिन्स्के गायकवृंदातली. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन गमतीने म्हटलं होतं, "तू नुसते ओठ हलव." देव कुणाला गळा देतो, कुणाला नुसती ओढ देतो; तेव्हा तिला गळ्याचाच फार अभिमान होता. दौवे हसला होता. त्या दिवसापासून एकतीस वर्षं त्याने नुसते ओठ हलवले. गुरुवारी संध्याकाळी तिच्या तालमीला मात्र यायचा, तिला न्यायला म्हणून, आणि मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन तासभर बसून राहायचा.

"कसा गायचा?" तिने विचारलं.

"खोटं कशाला बोलू? बेसूर. म्हणजे मोठ्यानं, अगदी जीव ओतून, पण गाण्याला चालच नाही. एकाच ठिकाणी घोटाळायचं, जरा वर, जरा खाली. दर शुक्रवारी नवं. शुक्रवारी अडखळायचा, बुधवारपर्यंत पाठ."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी. नाववाले आणि मी, आम्ही त्यावरून वार ओळखायचो."

"म्हणून दाखवाल?"

"मी? अहो, माझ्या गाण्याला आमचं मांजर घराबाहेर जातं."

पण तिने नजर काढली नाही. तेव्हा माइन्तेने घसा साफ केला आणि पाण्याकडे बघत, शब्दांवाचून, गुणगुणायला लागला. त्याचं खरं होतं. त्याला चाल नव्हती. दोन स्वर, तिसरा, पुन्हा पहिला. लांबवलेला एक, मग एक पायरी खाली.

रिन्स्केचे हात हँडलवरून सुटले. सायकल तिच्या कमरेला टेकून राहिली.

ती चाल नव्हतीच. चाल वरच्या आवाजातल्या बायका म्हणतात. हा त्यांच्याखालचा आवाज होता, चालीला नुसता आधार देणारा, एकटा ऐकला तर कुणालाही बेसूर वाटेल असा. गायकवृंदात दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी उभी राहून तीस वर्षं ती जो म्हणत आली, तो. त्या सगळ्या आवाजांमधून मागच्या बाकावर बसून त्याने तेवढाच वेचून घेतला होता.

नावेने भोंगा दिला.

"उचलायला हवा," माइन्ते टोपी घालत म्हणाला. "तुम्ही पलीकडे जाणार ना? जा आधी."

"नाही. इथेच थांबते." तिने सायकल कठड्याला लावली. "पूल उचला, आणि मग पुन्हा एकदा म्हणा. सावकाश."

तो आत गेला. घंटा वाजली, रस्ता दुभंगून हळूहळू आभाळाकडे निघाला. पाण्यावरून नाव सरकत असताना खिडकीतून तो घोगरा, चुकतमाकत येणारा स्वर पुन्हा सुरू झाला. रिन्स्केने आपला नेहमीचा खालचा आवाज सोडून दिला. श्वास घेतला आणि वरची चाल, जी तिने कधी म्हटली नव्हती, ती त्याच्यावर अलगद ठेवली.