साडेसहाच्या वर्गाचा संगणक

सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला योगवर्ग भरायचा. शिकवणारी उत्कर्षा नाशिकहून व्हिडिओ कॉलवर यायची, तीही अगदी ठोक्याला. माणसं वेळेवर यायची, सतरंज्या वेळेवर पसरायच्या. उशीर करणारा एकच, तो म्हणजे हॉलमधला संगणक.

"मंदाकिनीबाई, झाला का जागा आपला संगणक?" सोसायटीचे चिटणीस शरच्चंद्र लिमये विचारत. "नाही, घाई काहीच नाही. तोवर आम्ही मंडईतून मेथी आणून निवडून ठेवतो."

मंदाकिनी काळ्या पडद्याकडे बघत राही. कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. खात्री केल्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. एकदाच ती बोलली होती. भंगारात निघालेल्या या संगणकावर लिनक्स ही फुकटातली हलकी प्रणाली घालून देते, नवा घ्यायची गरज नाही, असं तिनं भर सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं. आता रोज प्राणायामाची सुरुवात बुडत होती, आणि लिमयांनी जाहीर केलं होतं, "रविवारपर्यंत सुधारला तर ठीक. नाहीतर सोमवारी भंगारवाला."

ती दुपारी हॉलमध्ये येऊन बसली. बटण दाबलं. थर्मासमधला चहा कपात ओतेपर्यंत पडदा उजळला! तिनं संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. सुरू होताना आपोआप चालणारी दोन-तीन बिनकामाची कामं तेवढी तिनं थांबवली आणि समाधानानं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच रड.

"दुपारी छान चालतो हो," ती म्हणाली.

"आमच्या जावयासारखा आहे म्हणजे," लिमये म्हणाले. "त्यालाही सकाळ सोसत नाही."

सगळे हसले, तीही हसली. पण तो शब्द तिच्या डोक्यात अडकून बसला. यंत्राला कसली आलीय सकाळ? सकाळी आणि दुपारी संगणक तोच, मग बदलतंय ते काहीतरी बाहेरचं.

सुरू होताना पडद्यावर जे शोभेचं चित्र दिसायचं ते तिनं काढून टाकलं. आता आत काय चाललंय ते ओळीओळीनं दिसणार होतं. शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. ओळी भराभर सरकल्या आणि एकीवर येऊन अडल्या. संगणक एका डिस्कची वाट पाहत होता! पुरतं दीड मिनिट वाट पाहून त्यानं नाद सोडला आणि तो पुढे निघाला.

मेमरी कमी पडली तर हाताशी असावी म्हणून बाहेरच्या एका हार्ड डिस्कवर थोडी जागा तिनंच राखून ठेवली होती. ती डिस्क मागे जोडलेली असायची. तिनं मागे हात घातला. डिस्क नव्हती.

एवढ्यात लिमये आले.

"अहो, इथली काळी डबी कुठंय?"

"कपाटात," लिमये शांतपणे म्हणाले. "टीव्हीचा रिमोट, कॅरमचा स्ट्रायकर आणि ती डबी. सुटं म्हणून जे आहे ते रात्री कुलपात जातं. ऑफिस उघडलं की मी परत जोडतो. या सोसायटीतून आजवर एक स्ट्रायकर गेलेला नाही!"

"आणि हा रोज सकाळी त्या डबीची वाट पाहत बसतो."

लिमयांनी खिशातली कपाटाची किल्ली चाचपली. तेवढ्यात इतर मंडळी सतरंज्या घेऊन आत येऊ लागली. मंदाकिनीनं आवाज खाली आणला. "कुलूप तुमचं, पण वाट पाहायला शिकवलं मी. ते मीच बघते."

दुपारी तिनं संगणकाच्या सेटिंगमध्ये एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ एवढाच की डिस्क मिळाली तर घे, नाहीतर पुढे चल.

रविवारी तिनं बटण दाबलं. लोकांच्या सतरंज्या पसरून होईपर्यंत उत्कर्षा पडद्यावर हजर होती. लिमयांचा मात्र पत्ता नव्हता. प्राणायाम सुरू होणार, तेवढ्यात ते धापा टाकत आले. एका हातात कपाटाची किल्ली, दुसऱ्या हातात काळी डबी.

"आज लवकर उघडलं कपाट," ते मंदाकिनीला हळूच म्हणाले. "म्हटलं, तुमचं अडायला नको."

मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

"लिमयेकाका," पडद्यावरून उत्कर्षा म्हणाली, "हातातलं खाली ठेवा आणि बसा. सगळे थांबलेत."

"घाई काहीच नाही," मंदाकिनी म्हणाली आणि त्यांची सतरंजी तिनं स्वतःच पसरली.