कुंकू लावलं आणि मी उठलोच नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मरणाला मी भीत नाही. जोडलेली वस्तू एक दिवस सुटी होणारच, हे मला खंडेनवमीच्या सकाळी दहापर्यंत पक्कं ठाऊक होतं. दहा वाजता दारात कोंडीबा भंगारवाल्याचा गाडा थांबला आणि माझं तत्त्वज्ञान तिथंच संपलं.

माझे अवयव जोडले सांगलीच्या एका दुकानात. नांदलो मात्र कराडजवळ, निवृत्त हवालदार लालासाहेबांच्या घरी. पहिली काही वर्षं पाहुण्यांना आधी मी दाखवला जाई, मग म्हैस. पुढे मी मंदावलो. बटण दाबून लोक चहा टाकायला जात आणि पिऊन आले तरी मी जांभई देत असे. म्हणून लालासाहेबांची नात क्रांती हिने माझ्यासाठी नवी रॅम आणली. स्मरणशक्तीची बोटभर पट्टी, एका कडेला सोनेरी दात.

"पूजा केल्याबिगर हत्यार चालवत्यात व्हय?" असं म्हणून तानुबाई आजींनी पट्टीला हळदकुंकू वाहिलं. सोन्यासारखी कड तीच, म्हणून दातांनाच चोळून लावलं. क्रांती परसात झेंडूचे हार ओवत होती. तेवढ्यात लालासाहेबांनी जुन्या पट्टीशेजारी नवी दाबून बसवली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. मला काही म्हणजे काही आठवेना. मी जीव तोडून ओरडलो. माझ्याकडे शब्द एकच : "टीं, टीं, टीं!"

"कण्हतंय गं," आजी म्हणाल्या. लालासाहेबांनी मला पाठीवर दोन थपडा घातल्या. मी पुन्हा तेच म्हणालो.

कोंडीबा आत डोकावला. "हवालदारसायेब, काळीज गेलं ह्याचं. द्या वजनावर."

"ने बाबा," लालासाहेब म्हणाले.

त्याचा हात माझ्या वायरीवर आला. मित्रांनो, तेव्हा माझा पंखा गारव्यासाठी फिरत नव्हता.

"आबा, थांबा!" क्रांती धावत आली. "वरडतंय म्हंजे जित्तं हाय ते!"

तिने वायर काढली आणि नवी पट्टी उपसली. "आज्जे, हे गं काय?"

"पूजा हाय. तोंडाला न्हाई तर शेपटीला लावू?"

क्रांतीने आधी पट्टीला नमस्कार केला, मग खोडरबराने दात घासले. खाचेतलं कुंकू कोरड्या ब्रशाने झाडलं. एकट्या जुन्या पट्टीवर मला उठवून पाहिलं. मी उठलो! मग मला बंद करून तिने नवी पट्टी दोन्ही खिट्ट्या 'टक्' वाजेपर्यंत दाबली. या खेपेला चहाचं आधण यायच्या आत मी जागा झालो. कोंडीबा रिकामा गाडा घेऊन गेला. जाताना त्याने म्हशीकडेही एकदा पाहिलं.

तर मित्रांनो, यंत्र रुसलं की शेवटी काय बदललं ते आधी पाहा. भंगारवाल्याला विचारू नका. त्याचं उत्तर घरून ठरून आलेलं असतं. आयुष्याबद्दल आणखी पुष्कळ सांगायचं आहे. पण मी वाचलो या आनंदात मंडळींनी भडंग खाल्लं आणि परात माझ्या डोक्यावर ठेवून सगळी जेवायला गेली. ती जरा कुणीतरी उचला. मुंग्या पंख्याच्या जाळीपर्यंत आल्या आहेत.